माझ्याच कोपऱ्यावरचा स्टॉप

११ मे, शनिवार

आज बोर्ड लागला! सहा वर्षं काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, कचेरीत बूट झिजवले, अर्ज केले, नकाशे काढले, साहेबांची तोंडं बघितली. तेव्हा कुठे आगीच्या बंबघराच्या कोपऱ्यावर लाल रंगाचा स्टॉपचा बोर्ड उभा राहिला. रिबन मीच कापली. भाषणही मीच केलं. शेवट फार जोरदार झाला. म्हटलं, "इथे जो पूर्ण थांबणार नाही त्याची पावती फाडा, मग तो माझा सख्खा भाऊ का असेना!" टाळ्याच टाळ्या. आमच्या सोर्सबी फ्लॅट गावातली झाडून सगळी माणसं हजर होती. म्हणजे पन्नासेक.

व्हर्लीन म्हणाली, भाषण लांबलं. चाळीस वर्षं बायको आहे, कौतुक करायची सवय नाही.

संकल्प: आता लोकांना शिस्त लावायची. आयुष्यभर शाळेत फुटबॉल आणि ड्रायव्हिंग शिकवलं. अख्खं गाव मला अजून कोच कुबेना म्हणतं ते उगाच नाही.

२१ मे, मंगळवार

डोकं फिरलंय.

सकाळी पेट्रोल पंपावरून कॉफी आणि कोलाची, म्हणजे सॉसेज भरलेला गोडसर पाव, घेऊन येत होतो. आमच्या कोपऱ्यावर वळलो. पिकॅनच्या झाडाखालून शेरीफच्या खात्याची गाडी दिवे लावून मागे आली. आत डेप्युटी येसेनिया बारिएंतोस. माझीच विद्यार्थिनी! खिडकीशी येऊन म्हणते, "कोच, लायसन्स दाखवता का जरा?" मी म्हटलं, अगं, थांबलो होतो की मी. तर म्हणाली, "तुम्ही हळू झालात, कोच. थांबला नाहीत. दोन्हीतला फरक तुम्हीच शिकवला होतात."

आणि माझी पावती फाडली. माझ्या बोर्डपाशी. माझी!

हा सरळ सरळ सूड आहे. शाळेत असताना हिला मी स्टॉपवर नीट न थांबल्याबद्दल नापास केलं होतं. ते हिने इतकी वर्षं मनात ठेवलं.

शिवाय कॉफी मांड्यांमध्ये धरली होती. पूर्ण थांबलो असतो तर सांडली असती, भाजलो असतो, गाडी खड्ड्यात गेली असती. म्हणजे मी जे केलं ते सुरक्षेसाठीच केलं. हे लिहून ठेवतो, कोर्टात कामाला येईल.

२२ मे

व्हर्लीनचं एकच टुमणं. कॉम्प्युटरवर सहा तासांचा ड्रायव्हिंगचा क्लास कर, पावती रद्द होते, रेकॉर्डवर काही येत नाही, तारखेच्या आत नुसतं कोर्टाला कळव. "शेजारची सगळी पोरं करतात," म्हणे.

पोरं करतात! ज्याने क्लास शिकवला त्याने क्लासला बसायचं? साफ नकार दिला.

ती म्हणाली, "तू कॅलिफोर्नियावाल्यांसारखा थांबलास, हार्लन, चाकं फिरतीच ठेवून." हे फार लागलं. जेवलो नाही. (नंतर थोडं भाजलेलं ब्रिस्केट मांस खाल्लं.)

२४ मे, शुक्रवार

सापडलं! अंघोळ करताना सुचलं.

सोर्सबी फ्लॅट कागदावर गावच नाही. आम्हाला मेयर नाही, नगरपालिका नाही, स्वतःचा पोलीस नाही. पाटी आहे ती पिकॅन सोलणाऱ्या कारखान्याने लावलेली. मग गावच नाही तर गावातला बोर्ड कुठला? आणि बोर्ड नाही तर गुन्हा कसला? येसेनियाने माझी पावती हवेत फाडली.

जेवताना व्हर्लीनला हे सविस्तर समजावलं. ती म्हणाली, "मग आत्ता तू कुठे बसून जेवतोयस?" कायद्याची बाजू तिच्या डोक्यात शिरत नाही.

२८ मे

अग्निशमन दलाचा चीफ लोनी आला होता. दल म्हणजे आम्ही गावातलेच दहा-बारा हौशी लोक. बंब चालवणाऱ्या प्रत्येकाचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड विमा कंपनी जूनअखेर मागते. त्यावर एक ओळ जरी असली तरी वर्षभर बंबाला हात लावायचा नाही. लोनी म्हणाला, "कोच, क्लास करून टाका बुवा. चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक आहे."

मिरवणुकीत पुढचा बंब बावीस वर्षं मी चालवतोय. बंबाशिवाय मिरवणूक नाही आणि माझ्याशिवाय बंब नाही. त्याचं ट्रेनिंग घेतलेले आम्ही तिघंच: लोनी, त्याचा गुडघा नुकताच बदललाय. मी. आणि व्हर्लीन. तिला मीच शिकवलं, पण स्टॉपवर फार वेळ घालवते.

काळजीचं कारण नाही. कोर्टात सोक्षमोक्ष लागेल.

३ जून

माझं रेकॉर्ड राज्याकडून मागवलं. आलं. कोरं! एक ओळ नाही. निकालाआधी पावती त्यावर चढत नाही म्हणे. तरुणपणापासून गाडी चालवतोय आणि पान स्वच्छ. फ्रेम करून बंबघरात कॉफीच्या मशीनवर टांगलं. लोकांनी बघावं.

६ जून

कोर्टाकडून परत विचारणा. क्लास हवा असल्यास तारखेच्या आत कळवा. चार पानी उत्तर धाडलं. पहिल्या दोन पानांत गाव का नाही ते. तिसऱ्यात कॉफी. चौथ्यात, क्लासला बसणं हा माझ्या आयुष्याचा अपमान आहे. सही ठसठशीत केली.

व्हर्लीनने उत्तर वाचलं आणि गॅरेजमध्ये जाऊन बसली. हसत होती की रडत होती, दारातून कळलं नाही.

१६ जून, रविवार

उद्या कोर्ट. कुत्र्यासमोर भाषणाची तालीम केली. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. चर्चनंतर सगळ्यांना या म्हणून सांगितलंय. असा खटला रोज होत नाही.

१७ जून, सोमवार

आज काही लिहावंसं वाटत नाही.

तरी लिहितो, म्हणजे सत्य कुठेतरी राहील. आमची जज ओपल हेन्रिक्सन वकील नाही. इथे जज व्हायला निवडणूक जिंकली की पुरते. एरवी ती पेंडीचं दुकान चालवते, आणि कोर्ट त्याच्याच मागच्या खोलीत. खोली गच्च भरली होती. माझ्या पाठिंब्याला आलेत असं वाटलं होतं.

गावच नाही हा मुद्दा मी उत्तम मांडला. ओपल म्हणाली, "मान्य, कोच. गाव नाही. म्हणूनच सगळे रस्ते काउंटीचे, डेप्युटी काउंटीची आणि बोर्डही काउंटीचा. आणि हा बोर्ड लावा म्हणून काउंटीचं डोकं सहा वर्षं कुणी खाल्लं?"

मी म्हटलं, त्याचा इथे संबंध नाही.

ती लोकांकडे वळली. "बोर्ड लागला त्या दिवशी कोच काय म्हणाले होते? आठवतंय का कुणाला?"

सगळी खोली एका सुरात ओरडली, "मग तो माझा सख्खा भाऊ का असेना!" व्हर्लीनचा आवाज सगळ्यांत वर. येसेनिया खाली बघत होती, पण खांदे हलत होते.

मग मी कॉफीचा मुद्दा काढला. त्याविषयी लिहीत नाही.

शेवटी मोठ्या मनाने म्हटलं, ठीक आहे, करतो क्लास. ओपल म्हणाली, "मुदत गेली, कोच. आम्ही दोनदा विचारलं. तुम्ही चार पानं लिहून नको म्हणालात. तिसरं पान तर मी नवऱ्याला वाचून दाखवलं."

दोषी.

१८ जून

अपील करणार. वरच्या कोर्टात कायदा कळणारी माणसं असतात.

१९ जून

अपिलात वरचं कोर्ट खटला पहिल्यापासून चालवतं म्हणे. म्हणजे कॉफी परत सांगावी लागणार. अपील नको. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२७ जून, गुरुवार

लोनी आला. उंबऱ्यातच उभा राहिला, टोपी हातात. विमा कंपनीला नवं रेकॉर्ड गेलं. त्यावर ओळ आहे. एकच, पण आहे. "वर्षभर नाही, कोच. माझ्या हातात असतं तर..." असं म्हणून टोपी फिरवत राहिला. बिचारा.

मी त्याला सांगितलं की मी स्वतःच निवृत्त व्हायचा विचार करत होतो. दुसऱ्यांना संधी मिळायला हवी.

दुपारी बंबघरात जाऊन बंब धुतला. मग पुसला. मग परत धुतला. रेकॉर्डची फ्रेम उतरवून घरी आणली. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. या बंबावर बसून मी दोन गोठे आणि एक घर वाचवलंय, ते कुठल्या रेकॉर्डवर लिहिलेलं नसतं.

बंब कोण चालवणार ते मी विचारलं नाही. ते माहीत होतं.

१ जुलै

व्हर्लीनला सरावासाठी सूचना द्यायला गेलो. ती म्हणाली, "गप्प बस, हार्लन, मला सगळं येतं. तूच शिकवलंस." पहिलं वाक्य टाळता आलं असतं.

४ जुलै, गुरुवार

मिरवणूक झाली. व्हर्लीन चालवत होती. मला शेजारी बसवलं, भोंगा वाजवायला. भोंग्याला रेकॉर्ड लागत नाही.

कोपऱ्यावर येसेनियाने रस्ता अडवून धरला होता. मिरवणुकीत थांबायची काही गरज नसते. व्हर्लीन थांबली. पूर्ण. मागे ट्रॅक्टर थांबले, घोडे थांबले, शाळेचे बँडवाले एकमेकांवर आदळले. मी म्हटलं, अगं चल, रस्ता मोकळा आहे! ती म्हणाली, "तुझा बोर्ड आहे. त्याचा मान ठेवायला नको?" आणि मोठ्याने मोजलं. एक, दोन, तीन. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. मग गिअर.

आमचा रस्ता इतका छोटा की मिरवणूक टोकाला जाऊन वळते आणि त्याच वाटेने परत येते. म्हणजे बोर्ड पुन्हा. या वेळी दोन्ही बाजूंचे लोक तिच्याबरोबर मोजायला लागले. "तीन"ला माझा आवाज सगळ्यांत मोठा होता असं व्हर्लीन म्हणते. मला तसं आठवत नाही.

नंतर पंपावरून कॉफी घेतली आणि घरी जाताना पिकअप मी चालवली. झाडाखाली येसेनियाची गाडी नव्हती. रस्त्यावर कुणीच नव्हतं. तरी बोर्डपाशी थांबलो, पूर्ण. एक, दोन, तीन.

कॉफी सांडली. सगळी, मांडीवर.

मी कोर्टात म्हणालोच होतो.