चोवीस ग्रॅम

वसई,
१४ सप्टेंबर २०२५

ती. बायजाआत्यास,
रीमाचा नमस्कार.

आई आता दोन घास जेवू लागली आहे. मी विरारच्या एका क्लासमध्ये विज्ञान शिकवते. बाबांना हे बघायला मिळालं नाही.

त्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी प्रथिनं वाढवायला सांगितली, तेव्हा तू रोज गास गावाहून उकडलेली अंडी आणि खाडीतल्या निवटे माशांचं कालवण आणायचीस. मी प्रोटीन पावडरचा डबा आणला आणि तुला लेबल वाचून दाखवलं: एका चमच्यात चोवीस ग्रॅम प्रथिनं. तू हसलीस. "डब्यावर बायजा लिवलं तर मी काय डब्यात शिरनार?" बाबा म्हणाले, "रीमा शिकलीय, बायजा. तिला समजतं."

घरातली मी पहिली पदवीधर. छापलेलं खोटं असू शकतं, हे माझ्या मनातही आलं नाही.

दोन महिने सकाळ-संध्याकाळ मी ती पावडर दिली. जखम भरेना, दंड काडीसारखे झाले. मी चमचे वाढवले.

बाबा गेल्यावर उरलेली पावडर माझ्या रोझलिन नावाच्या मैत्रिणीला तपासायला दिली. ती लॅबमध्ये काम करते. चोवीस कुठले, चमच्यात सहाच ग्रॅम निघाले. एका अंड्यात असतात तेवढे. बाकी साखर आणि पीठ. अंडी खाल्ली असती तर बाबा वाचले असते का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. मी कंपनीविरुद्ध तक्रार केली आहे.

पण पत्र त्यासाठी नाही. हरेशदादा, हे तू तुझ्या आईला वाचून दाखवत असशील. इथून पुढचं काही गाळू नकोस.

आत्या, "तुझं जेवण नको, असं बाबाच म्हणाले," हे मी तुला दारात सांगितलं, ते खोटं होतं. माझं तू ऐकलं नसतंस, म्हणून त्यांचं नाव घेतलं. तू भरला टोप घेऊन परत गेलीस, ती पुन्हा आलीच नाहीस.

बाबा दाराकडे बघत राहायचे. "बायजा का येत नाय? माझं काय चुकलं?" मी म्हणायचे, तिला शेतात काम आहे. शेवटच्या आठवड्यात त्यांनी निवटे मागितले. मी पावडरचा ग्लास पुढे केला. मी दिला म्हणून त्यांनी तो रिकामा केला.

तेराव्याला तू पाणीही न घेता गेलीस. भावाने तोंड फिरवलं, असं तू धरून बसली आहेस. त्याने नाही फिरवलं, आत्या.

मला क्षमा करू नकोस. बाबांवरचा राग तेवढा सोड.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क नसलेली,
रीमा