कागदी ताटली

क्रेगीबर्न, मेलबर्न
शनिवार, १६ ऑगस्ट २००८

प्रिय दादा,

ख्रिस्तात सलाम. आम्ही खुशाल आहोत. थंडी मरणाची पडलीय, ह्यांचे गुडघे कुरकुरतात आणि ते ऐकून मी कुरकुरते.

तू विचारलं होतंस, रविवारची पंगत चालू आहे का. चालू आहे की! उपासना झाली की इथे शिकायला आलेली आठ-दहा पोरंपोरी घरी येतात, कुणी युनिव्हर्सिटीतली, कुणी कसल्या कसल्या कोर्सची. बहुतेक हिंदूच. घरच्या भाजीपोळीसाठी रडकुंडीला आलेली असतात बिचारी. दाराशी आलेला प्रभूच समजायचा, असं बाबा म्हणायचे, तेवढं धरून मी पोळ्या लाटते. या महिन्याच्या पहिल्या रविवारी इथले गोरे पाळकसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, आतिथ्य करावं तर विमलसारखं. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, काय नम्र बाई आहे!

दादा, त्या दिवशी प्रभुभोजनाचा प्याला माझ्याकडे आला, तो मी न पिताच पुढे दिला. का ते सांगते. ओरडायचं असेल तर ओरड.

जूनपासून शंतनू नावाचा मुलगा येतो. कुकरीचा कोर्स करतो, हॉटेलात भांडी घासतो. शिफ्ट संपवून सगळ्यांच्या शेवटी पोचतो. पहिल्याच दिवशी गाव विचारलं, तर आपलंच! आडनाव इनामदार. त्याच घरातला. ज्यांच्या ओट्याखाली उभं राहून बाबांनी याच्या वडिलांना पाढे शिकवले, आणि ज्यांच्या गोठ्याच्या कोनाड्यात बाबांसाठी कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असायचा. चहा वरून ओतायचे. पिऊन झाला की बाबा तो स्वतः विसळून परत ठेवायचे. मी त्यांचं बोट धरून उभी असायचे.

मी शंतनूला म्हटलं, "ताटं संपली रे," आणि कागदी ताटलीत वाढलं. कपाटात सहा ताटं होती. पुढच्या रविवारीही तेच. असे आठ रविवार, दादा. आणि मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. मनात हे ठेवून प्रभूचा प्याला कसा प्यायचा?

गेल्या रविवारी पठ्ठ्याने सॅकमधून स्वतःची स्टीलची ताटली काढली. म्हणाला, "काकू, मी नेहमी उशिरा येतो, तुमची धावपळ होते. आता माझी मीच आणत जाईन. धुऊनपण मीच ठेवीन. नो वरीज!"

माझ्या हातातला डाव गळून पडला.

पोरं पांगल्यावर त्याला थांबवलं आणि सगळं सांगितलं. माफी मागायलाच बसले होते, पण बाबांच्या कपाचं सांगताना आवाज चढत गेला. माफी मागतानाही मी त्याला टोचतच होते. कळत होतं मला.

त्याने ताटली पुसून सॅकमध्ये ठेवली. मग म्हणाला, "आमच्या घरी हे कुणी सांगितलंच नाही, काकू." बूट घातले आणि दारातून वळून म्हणाला, "पुढच्या रविवारी तुम्ही आणि काका माझ्याकडे जेवायला या. कोर्समध्ये पास्ता शिकवतात, पण मी पिठलं-भात करीन."

आठवडाभर मी सबबी शोधल्या. ह्यांचे गुडघे, थंडी, पाऊस. शेवटी हेच म्हणाले, "वाढायला वाघीण आहेस, आणि जेवायची वेळ आली की घाबरलीस?" खरंय त्यांचं. वाढणारीचा हात वर असतो. मी त्यालाच सेवा म्हणत आले इतकी वर्षं. या पोरापुढे ताट धरायचं म्हणजे घास उतरेल का घशाखाली?

तरी जाणार आहे. उद्या पंगतीला सुट्टी दिलीय. सकाळी फोन करून कळवलं त्याला. तर विचारतो, "काकू, तिखट चालतं ना तुम्हाला?" मला रडूच कोसळलं.

बाबा त्या घराचा उंबरा कधी चढले नाहीत. उद्या दुपारी एकला मी इनामदारांच्या पोरासमोर बसून जेवेन. तुमच्याकडे तेव्हा सकाळचे साडेआठ असतील, तू उपासनेला निघालेला असशील. जाता जाता बाबांची आठवण काढ. आणि माझा हात खाली यावा म्हणून प्रार्थना कर.

उद्याची पाहुणी,
तुझी विमल