भाऊंचा उजवा खांदा

घाटकोपर (पूर्व),
१० जानेवारी २०२५

चि. ऋता हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. फोनवर आपलं जेवलीस का, थंडी किती, याच्यापुढे गाडी जात नाही, म्हणून कागद घेतला. फोटो काढून पाठवतो, तिथे लीड्सला निवांत वाच.

गेल्या आठवड्यात माळ्यावरची गादी काढताना स्टूल सरकलं. पडलो नाही, उजव्या हाताने माळ्याची कड धरून लोंबकळलो. तेव्हापासून हात खांद्याच्या वर जात नाही. शर्ट घालायला शेजारचा गुणाजी येतो.

डॉक्टरांनी एमआरआय सांगितला आणि माझी वाट लागली. मागे त्या बोगद्यातून मी ओरडत बाहेर आलो होतो, आठवतं ना? पण इथे आता कमी ताकदीच्या चुंबकाचं, स्वस्तातलं मशीन आलंय. बाजू उघड्या, आवाज बेताचा. गुणाजी शेजारी खुर्ची टाकून बसला आणि हलू नको रे भाऊ, हलू नको रे, म्हणत राहिला. वेळ बराच लागला, पण निभावलं.

डॉक्टर म्हणतात, चित्र जरा भुरकट आहे, हवं तर मोठ्या मशीनमध्ये पुन्हा काढू. मी सांगितलं, माझी मुलगी त्यातलीच डॉक्टर आहे, फेब्रुवारीत येतेय, ती बघेल, मग ठरवू. चित्रांची लिंक पाठवतोय, पण घाई नाही. आलीस की इथेच बघ.

माझा जीव तुझ्यात आहेच, तब्येतीला जप.
तुझा,
भाऊ


लीड्स,
१४ जानेवारी २०२५

ती. भाऊंना,
साष्टांग नमस्कार वि. वि. दिवसभर मी लोकांचे खांदेच बघत असते. तुमचा उघडला, कोपऱ्यात तुमचं सीताराम हे नाव दोनदा वाचलं. तीन वर्षांत तुम्हाला इतक्या जवळून बघितलं नव्हतं. आणि बघितलं ते हाड, चेहरा नाही.

चित्र भुरकट आहे खरं. बारीक चीर अशा मशीनवर निसटू शकते. पण तुमची बारीक नाही हो. हात वर उचलणारा स्नायुबंध हाडापासून पूर्ण सुटलाय, स्पष्ट दिसतोय. पुन्हा बोगद्यात जायची गरज नाही. तुमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले, त्यांनाही पटलं. दुर्बिणीचं ऑपरेशन करून घ्या, आणि लगेच. थांबलात तर सुटलेलं टोक आत ओढलं जातं, मग ते शिवताही येत नाही.

म्हणून माझ्यासाठी थांबू नका. इथे कायम राहण्याचा माझा अर्ज अडकलाय. निकालाआधी देशाबाहेर पडले तर तो बाद. फेब्रुवारी जमणार नाही. कधी जमेल, तेही माहीत नाही.

ती गादी माझीच होती ना?

रागावलात तरी माया कमी करू नका.
तुमची,
ऋता


घाटकोपर (पूर्व),
२१ जानेवारी २०२५

चि. ऋता,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र गुणाजीला वाचून दाखवलं, शेवटचा भाग सोडून. गादी तुझीच. तिला ऊन दाखवायचं होतं, दुसरं काही नाही.

ऑपरेशन सोमवारी ठरलं. गुणाजी सोबत राहील, त्याची बायको डबा देईल. तू कामात लक्ष दे. आणि वेडेपणा करून तो अर्ज सोडून येऊ नकोस. दीड महिना हात पट्ट्यात, पोटाशी बांधलेला असणार. तू दारात उभी आणि मी एका हाताचा, हे मला नाही चालायचं. उशीर झाला तर होऊ दे, तेवढा हात बरा होईल.

डॉक्टरांना विचारलं, मुलीला दोन्ही हातांनी जवळ कधी घेता येईल. ते हसले. म्हणाले, लोक स्कूटर कधी चालवू विचारतात, हे कुणी विचारलं नव्हतं. मग कागदावर व्यायाम लिहून देत म्हणाले, नेटाने केलेत तर दिवाळीपर्यंत नक्की.

दिवाळीला ऋता येतेय, असं मी गुणाजीला सांगून टाकलंय. नाही जमलं तरी मी व्यायाम सोडणार नाही.

इकडची ओढ आहे तशीच राहू दे.
तुझा,
भाऊ