बावीस किलोमीटर, परतीचे सोडून

६ एप्रिल २०२५, रविवार. सकाळी ६.१०
वजन ८४. हा आकडा इथे शेवटचा लिहितोय.

निर्णय पक्का: सावेडी सोडायची. एकोणीस वर्षं या फ्लॅटमध्ये काढली, आणि लिफ्टमध्ये सायकल बसत नाही. सायकल घेऊन पाच महिने झाले. कार्बनची फ्रेम, वजन साडेआठ किलो. लोक शाळा, दवाखाना, नळाचं पाणी बघून घर घेतात आणि पन्नाशीला गुडघे धरून बसतात. मी एक्कावन्नचा आहे. मी रस्ता बघून घर घेणार.

बायकोला, इंदूला सांगितलं. ती म्हणाली, माझी शाळा इथून चालत पाच मिनिटांवर आहे. मी म्हटलं, तेच तर. पाच मिनिटांत कसला व्यायाम होणार.

८ एप्रिल, मंगळवार
तक्ता केला. केडगाव, निंबळक, पवनविहार. कॉलम चार: रस्ता, ट्रॅफिक, कुत्री, निसर्ग.
केडगाव: कुत्री नऊ. पैकी दोन मागे लागली. बाद.
निंबळक: ट्रक. बाद.
पवनविहार: पुणे रोडला कामरगावचा घाट चढला की वर पठारावर रो हाऊस. कुत्री शून्य. निसर्ग दहापैकी दहा.

मैत्रेयीने (अकरावीत आहे, प्रत्येक गोष्टीत शंका) विचारलं, बाबा, चढाचा कॉलम कुठंय. तिला सांगितलं, कागद संपला.

१३ एप्रिल, रविवार. दुपारी १
पवनविहारची ट्रायल घेतली. अगदी शास्त्रोक्त. जाताना सायकल अजिनाथच्या टेम्पोत टाकली. हा अजिनाथ वरच्याच वस्तीवरचा. नगरच्या मार्केटला भाजी आणतो, परत जाताना गुरांसाठी सरकी पेंडीची पोती नेतो. सायकलवर गेलो असतो तर दमलो असतो आणि घर नीट बघून झालं नसतं.

घराच्या मागेच डोंगरावर पवनचक्क्यांची ओळ. काय फिरत होत्या. बघतच राहिलो. बिल्डरचा माणूस म्हणाला, साहेब, इथं घरात पंखा लावायला लागत नाही. हा मुद्दा निसर्गाच्या कॉलममध्ये टाकला.

मग तिथून सावेडीपर्यंत सायकलवर. बावीस किलोमीटर, एक्केचाळीस मिनिटं. धाप नाही, घाम नाही. मध्ये सहा किलोमीटर पायडल मारलंच नाही तरी वेग कमी होईना. निष्कर्ष: रस्ता जवळपास सपाट आहे, आणि पाच महिन्यांत मांड्या तयार झाल्या आहेत.

पवनविहारहून निघताना त्या घराशेजारचे भीमराज भेटले. साठीचे असतील. घाटाखालच्या एका गोडाऊनवर वॉचमन आहेत. उद्याच्या जयंतीसाठी दारात निळ्या पताका बांधत होते. भिंतीला काळी लोखंडी सायकल, कॅरियरला डबा. म्हणाले, सायेब, खाली जायाला लई ब्येस हाय, पर संध्याकाळी वारं त्वांडावर येतंय. मी तर घाटात ढकलतच आनतो. सायकल किती वर्षांची, विचारलं. तेवीस, म्हणाले. मग ढकलावीच लागणार. गिअर नाहीत बिचाऱ्यांना.

२० एप्रिल, रविवार
इंदूची अट. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, विकायचा तर तिची सही लागते. म्हणाली, एकदा ऑफिस सुटल्यावर तिथपर्यंत सायकलवर चढून दाखवा. टेम्पो नाही, बस नाही, स्वतःच्या पायांनी. एकदाच. मग मी सही करते आणि पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही.

एकदाच म्हणे. मला हसू आलं. मी रोज चढणारा माणूस.

२६ एप्रिल, शनिवार. सकाळी
अट काल पूर्ण केली. रोजनिशीत खोटं लिहायचं नसतं म्हणून तपशील देतो.

५.४५ ला ऑफिसातून निघालो. केडगावपर्यंत झकास. चासच्या पुढे वारा समोरून. याची हवामान खात्याने काहीही सूचना दिली नव्हती. घाटाच्या पायथ्याला रसवंतीवर थांबलो, अंगातलं पाणी कमी व्हायला नको म्हणून. तीन ग्लास घेतले. तीन ग्लास रसावर घाट चढणं तब्येतीला वाईट, हे कोणीही डॉक्टर सांगेल. तेवढ्यात अजिनाथचा टेम्पो आला. नाही म्हटलं तर माणूस दुखावतो. पेंडीच्या पोत्यांवर बसलो, सायकल मांडीवर घेतली. मनातून मात्र सगळा वेळ पायडल मारत होतो. मांड्या हलतही होत्या. रस्ता खराब आहे, हेही खरं.

फाट्यावर उतरलो. शेवटचे दोनशे मीटर स्वतः चालवली, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. मोबाईल काढला तर अंतर-वेग मोजणारं सायकलचं ॲप चालूच राहिलेलं. बावीस किलोमीटर, घाटात ताशी एक्केचाळीस. ॲपने मुकुट दिला होता आणि वर लिहिलं होतं, घाटाचा राजा. मी ॲपला काहीही सांगितलेलं नाही. यंत्राला खोटं बोलून काय मिळणार.

स्क्रीनशॉट इंदूला पाठवला. ती संस्कृत शिकवते. तिला त्यातलं मुकुटाचं चित्र तेवढं कळलं.

१६ मे, शुक्रवार
सही झाली. रजिस्ट्रार ऑफिसात इंदूने पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, नक्की चढलात ना. मी मोबाईल पुढे केला. तिने सही केली. बाहेर आल्यावर बराच वेळ चष्मा पुसत होती. ऊन फार होतं.

१५ जून, रविवार
पवनविहारला राहायला आलो. गच्चीवर वाळत घातलेली इंदूची साडी उडाली ती भीमराजांच्या लिंबावर. हवा उत्तम आहे.

१७ जून, मंगळवार
जाताना: ४० मिनिटं. फॉर्म जबरदस्त.
परत: टेम्पो. कारण: पंक्चर होईल असं वाटत होतं.

इंदू पावणेपाचला उठते. तिची शाळा ७.१० ची. फाट्यावर पहिली एसटी थांबत नाही, दुसरी भरून येते. मैत्रेयीचा कॉलेजचा पहिला तास बुडतो. त्यावर काहीतरी मार्ग निघेल. दोघींना सकाळची शुद्ध हवा मिळते आहे.

१८ जून. परत: टेम्पो. कारण: चेन कुरकुरत होती.
१९ जून. परत: टेम्पो. कारण: गुरुवारचा उपास.
२० जून. परत: टेम्पो. उपासाचा थकवा दुसऱ्या दिवशी जास्त जाणवतो.
२३ जून. आज चढणारच होतो. अजिनाथच रसवंतीपाशी वाट बघत थांबलेला. त्याचं मन कसं मोडणार.

४ जुलै, शुक्रवार
इंदू म्हणाली, तुमच्या शर्टाला पेंडीचा वास येतो. मी सांगितलं, इलेक्ट्रोलाइट पावडरचा आहे. भीमराजांची गाय मात्र मी आलो की दावं ताणून हंबरते. मुक्या जनावरालासुद्धा फिट माणूस ओळखता येतो.

सोमवारपासून नक्की.

११ जुलै, शुक्रवार
इंदूच्या शाळेत डिसेंबरला मुख्याध्यापिकेची जागा रिकामी होते. सव्वीस वर्षं नोकरी, नंबर तिचाच. पण महिन्याभरात तेरा लेट मार्क झाले म्हणून संस्थेने पत्र दिलंय. पत्र टेबलावर होतं. मी घाईत त्यावर चेन काढून ठेवली. ऑइलचे डाग पडले, पण मजकूर वाचता येतो.

ती म्हणाली, तुम्ही एवढं रोज चढून येता, मग मी काय तोंडाने बोलू. हे ऐकून बरं वाटलं. घरात एकाने शिस्त पाळली की दुसऱ्यावर आपोआप संस्कार होतात.

१८ जुलै, शुक्रवार
नगरच्या सायकल क्लबच्या हर्षलचा फोन. तिशीचा पोरगा, बोलतो छान. म्हणाला, नृसिंहकाका, आम्ही बावीस जण महिनाभर ॲपवर तुमच्या नोंदी बघतोय, रोज घाटात चाळीसच्या वर, आमच्यात असा माणूस झाला नाही. पुढच्या रविवारी तुमच्याबरोबर घाट चढतो, तुमच्या मागं राहून शिकतो. मागून कोणीतरी हसल्यासारखं वाटलं. आनंदी ग्रुप दिसतो.

त्यांना घरी पोह्यांना बोलावलं. इंदूला तिचा एक रविवार मिळतो, त्यात बावीस जणांचे पोहे म्हणजे तिलाही विरंगुळा.

२६ जुलै, शनिवार
कार्ब लोडिंग. भात चार वेळा. उद्या शरीर आपलं काम बरोबर करेल. आठ महिन्यांची तयारी कुठे जात नाही.

२७ जुलै, रविवार. दुपारी ३
घडलं ते शांतपणे लिहितो.

सहाला केडगावला भेटलो. घाटाच्या पायथ्याशी हर्षल म्हणाला, काका, तुम्ही व्हा पुढं. मी म्हटलं, चेन बघतो, तुम्ही निघा. तो म्हणाला, राजाच्या पुढं आम्ही कसं जायचं. तरी गेले एकदाचे. मी पहिल्या वळणापर्यंत चढलो. वळण लांब होतं.

हल्ली रविवारी अजिनाथचा टेम्पो नसतो. फोन केला, तर बिचारा हातातला चहा ठेवून खाली आला. आज पोती नव्हती, त्यामुळे आडोसा नव्हता. घाटात ते बावीस जण लागले. बावीसच्या बावीस जणांनी घंट्या वाजवल्या. मी हात केला.

अजिनाथला सांगितलं, फाट्यावर सोड. तो म्हणाला, रोज रोज फाट्यावं कशाला उतरता काका, आज घरापस्तोर घालवतो. दारात इंदू उभी. अजिनाथने सायकल उतरवली आणि तिला कौतुकाने सांगितलं, वैनी, रोजच्यापरमानं आनून सोडलं बगा. एप्रिलमदी आनलं, तवापासून काकांनी घाटात कंदी पाय हलवला न्हाई.

इंदूने विचारलं, एप्रिलमध्ये कधी. तो म्हणाला, ते उसाचा रस पिऊन बसल्ते, त्या दिवशी.

तोवर पोरं आली. हसत आली होती, पण इंदूकडे बघून त्यांनी हेल्मेट काढून हातात धरली. तिने बावीस बशा भरल्या. मलाही दिली, लिंबू नव्हतं. मग तिने हर्षलला विचारलं, घाटात चांगला सायकलवाला किती वेगाने चढतो. तो खाली बघून म्हणाला, चौदा, फार तर पंधरा. आणि सायकल ढकलत नेणारा? चार, म्हणाला. इंदूने मान हलवली. वर्गात मुलांचं उत्तर बरोबर आलं की हलवते तशी. हर्षल निघताना तिला सॉरी म्हणाला. तिला का, ते कळलं नाही.

ट्रायलसाठी वातावरण अनुकूल नव्हतं.

३ ऑगस्ट, रविवार
इंदू आणि मैत्रेयी सावेडीला गेल्या. आपल्याच जुन्या बिल्डिंगमध्ये, आपल्या फ्लॅटच्या बरोबर खाली, दोन खोल्या भाड्याने. इंदू भांडली नाही. कपाटातून तिच्या साड्या काढताना एवढंच म्हणाली, दमलो म्हणाला असतात तरी चाललं असतं हो. मला तुमच्या घाटाचं काय करायचं होतं. मी तुमच्या शब्दावर घर विकलं.

मी म्हटलं, ॲपमध्ये दिसतंय ते मी थोडंच टाइप केलं होतं. मैत्रेयीने माझ्याकडे असं बघितलं की मी टायरमधली हवा बघायला गेलो.

तात्पुरतं आहे. घरात शांतता आहे, आता ट्रेनिंग नीट होईल.

१४ ऑगस्ट, गुरुवार
संस्थेने मुख्याध्यापिकेसाठी दुसऱ्या बाईंचं नाव पाठवलं. मैत्रेयीकडून कळलं. इंदू आता रोज पाच मिनिटं चालत शाळेत जाते, वेळेच्या आधी पोचते.

अजिनाथ हल्ली रसवंतीपाशी थांबत नाही. हात केला तर म्हणाला, माज्या टेम्पोत बसून वैनींना फशिवलं तुमी. पेंड न्हेईन, तुमास्नी न्हाई. ऑफिसला एसटीने जातो. घर विकायला काढलं, एक जोडपं बघून गेलं. बाईंनी केस आवरत विचारलं, इथं कायमच एवढा वारा असतो का. त्या डोंगराकडे बघत होत्या. मीही बघितलं. पवनचक्क्या वाऱ्यासाठीच लावलेल्या असतात, हे बिल्डरने तेव्हा सांगायला हवं होतं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. संध्याकाळी ८.१०
चढलो.

सकाळी सायकल खाली नेली आणि ठरवलं, आज कोणाच्या बापाचा टेम्पो नको. चासच्या पुढे वारा. रसवंतीवर थांबलो नाही (बंद होती). पहिल्या वळणावर उतरलो, आणि मग उतरलेलाच राहिलो. पुढे भीमराज त्यांची लोखंडी ढकलत निघाले होते. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, वर कॅरियरला पिठाचा डबा, तरी पुढे. मागे वळून म्हणाले, सायेब, वाकून ढकला, मग वारं डोक्यावरनं जातंय. पयल्याच दिवशी ढकलली असती तर मॅडम हितंच ऱ्हायल्या असत्या. मी वाकलो. धाप लागली होती.

घर अंधारात होतं. किल्ली सापडायला वेळ लागला. मोबाईल बघितला, ॲपने सगळी नोंद केलेली, पण प्रकार लिहिला होता चालणं. सेटिंगमध्ये जाऊन प्रकार बदलला, सायकल केलं. सायकल बरोबर होतीच, त्यात खोटं काही नाही. मुकुट आला नाही. स्क्रीनशॉट इंदूला पाठवला, खाली लिहिलं, आज स्वतःच्या पायांनी.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. घाटात वेग ताशी चार आहे. ढकलत आणलीत. पाय शेकून घ्या.

शेकायची पिशवी सावेडीला गेली आहे.