शाहजादीच्या खोलीची कडी

अहो,

भाकरी दुरडीत हाय, कालवण चुलीवर झाकलंय. तुमची हातोडी अन् पटाशी घेऊन मी पौडच्या अपंगाश्रमात चाललीया. तुमच्या बहिणीनं, शाहजादीनं, बोलावणं धाडलंय.

मागं तिथल्या स्वयंपाकघरात भडका उडाला, तवा बायकांच्या खोलीला भाईरून कडी होती. शाहजादी पायानं अधू, ती आतून दार बडवत राहिली. कडी उशिरा निघाली, पर समद्या वाचल्या. तवापासनं तिनं हेकाच धरला. कडी निघाल्याबिगर खोलीत निजणार न्हाई म्हणून ओट्यावर अंथरूण टाकलं. बाकीच्या बायकाबी एकेक करून तिच्या शेजारी आल्या.

व्यवस्थापक म्हणाले, "कडी तुमच्याच रक्षणासाठी आहे."

ती म्हणाली, "मग आतल्या अंगाला लावा. आमचं आमी राखू."

आज सकाळी ते कबूल झाले. सुतार शोधाया निघाले, तर तिनं सांगितलं, "माझा भाऊ सुतारच हाय." समद्या बायका ओट्यावर गाणी म्हणत बसल्यात म्हणं.

जुनी कडी मी उचकटते, पर नवी बसवाया तुमचाच हात लागंल. जेवून तसंच निघा. तुमी तिला आश्रमात ठेवलं म्हणून ती रागावलेली न्हाई. मागल्या खेपेला मी इचारलंय.

सुलताना