तुझ्या नावाचं कुलूप

बा, आज सकाळी देवापुढं दिवा लावताना आपल्या जामसरच्या घराची आठवण झाली. भादव्यात कुडावर चढलेला काकडीचा वेल, हाताला लागतील इतक्या खाली आलेल्या काकड्या, घरभर त्यांचा वास. पण नवं होईपर्यंत, म्हणजे नवं पीक देवाला दाखवेपर्यंत, कुणी तोंड लावायचं नाही. कुलूप नव्हतं, राखण नव्हती. तू उन्हातून यायचास, त्या वेलाखाली उभा राहून घाम पुसायचास आणि आत येऊन मडक्यातलं पाणी प्यायचास. आम्ही पोरं ते बघायचो. मग आमचाही हात जायचा नाही.

एका वर्षी ताई तापानं फणफणली. पेज उतरत नव्हती, आणि मागत होती काकडी. आई म्हणाली, देव कोपेल. तू ताईच्या उशाशी बसलास, तिचं सगळं ऐकून घेतलंस. मग उठून एक काकडी तोडलीस, कोपऱ्यातल्या देवापुढं ठेवलीस आणि म्हणालास, "पोर मागते रं देवा. चुकलं तर माझ्या डोक्यावर घे." शेजारच्या काकानं टोमणा मारला, की यंदा देवाच्या आधी पोरीनं नवं केलं वाटतं. तू हसलास. "देवाला इचारून दिली. तो नाय म्हटला नाय." ताई आता मोखाड्यात नातवंडं सांभाळते, आणि काकडी चिरायला घेतली की अजून ही गोष्ट सांगते.

हे सगळं ठाऊक असून मी वेगळाच वागलो. जव्हारच्या घरात कॉम्प्युटर आणला तो तुझ्या नातीच्या अकरावीसाठी. कचेरीतला एकजण म्हणाला, मुलीच्या हातात असा मोकळा देऊ नका. त्यानंच घरी येऊन सगळं बसवून दिलं. मुलीचं खातं वेगळं, वेळ ठरलेली, इंटरनेटवरची नको ती पानं बंद. बंद पान हवं असेल तर तिनं तिथूनच परवानगी मागायची, ती माझ्या फोनवर येणार, मी हो किंवा नाही दाबायचं. पासवर्ड विचारला तेव्हा मी तुझं नाव टाकलं. वाटलं, घराची राखण तुझ्याकडेच असावी. माझ्या फोनला मात्र कसलंच बंधन नव्हतं. जेवताना मी त्यातच डोकं घालून असायचो. तुझी सून हंडा डाव्या कडेवर न घेता उजव्या कडेवर घ्यायला लागली होती, तेही मला दिसलं नाही.

पावसाळ्यात एका दुपारी कचेरीत फोन वाजला. मुलीनं एका पानाची परवानगी मागितली होती. नावातला पहिलाच शब्द 'स्तन'. शेजारच्या टेबलावरून कुणी बघेल म्हणून मी पुढचं वाचलंच नाही. 'नाकारा' दाबलं आणि फोन पालथा ठेवला. घरी येऊन तिला काही विचारलं नाही. फक्त तिची वेळ कमी केली. पुन्हा तिनं कधीच काही मागितलं नाही, आणि मला वाटलं, पोर सुधारली.

दिवाळीनंतर तुझ्या सुनेला डावा हात वर करता येईना, तेव्हा तिनं मला छातीतली गाठ दाखवली. नाशिकच्या डॉक्टरांनी विचारलं, हे पहिल्यांदा कधी कळलं? तिनं माझ्याकडे नाही, मुलीकडे बघितलं. पावसाळ्यातच दोघींना कळलं होतं. लाजेनं आणि भीतीनं तिनं मुलीला देवाची शपथ घातली होती, की बाबांना तोंडानं सांगायचं नाही. उशीर झालाय, असं डॉक्टर म्हणाले. आता आमच्या नाशिकच्या फेऱ्या चालू आहेत. तिचे केस गेले आहेत. ती अजूनही मला आधी वाढते.

परवा मी कॉम्प्युटरचं ते कुलूप काढायला बसलो. मुलगी शेजारी उभी होती. मी पासवर्ड टाकायच्या आत ती हळूच म्हणाली, "आजोबांचं नाव आहे ना? मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मी विचारलं, मग उघडलं का नाहीस?

"ते पान मला वाचायचं नव्हतं, बाबा. तुम्ही वाचावं म्हणून मागितलं होतं."

बा, तुझ्या वेलाला जसा आम्ही हात लावला नाही, तसा तिनं माझ्या कुलपाला लावला नाही. शपथही मोडली नाही. तिच्याकडे एकच वाट उरली होती, ती माझ्या फोनपर्यंत येत होती, आणि मी तो पालथा ठेवला.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. देवाच्या फळीवर कुंकवाच्या डबीखाली ठेवीन. एक गोष्ट मात्र घरात कुणालाच सांगितलेली नाही. तिची ती मागणी मी फोनमधून पुसलेली नाही. काल पूजा झाल्यावर ती पुन्हा काढली, पूर्ण वाचली, आणि 'हो' दाबलं. काहीच झालं नाही. मुदत संपली आहे, एवढंच आलं. मी तरी पुन्हा दाबलं.