आमच्या पोरीला पाजणारी

१४ नोव्हेंबर १९२८
जानकीचं तेरावं काल उरकलं. लोक गेले. घरात आत्या, मी आणि ही तिची तीन आठवड्यांची पोरगी. गाईचं दूध ओकते. शेळीचं आणलं, तेही ओकली. डॉक्टर म्हणाले, "बाईचंच दूध हवं, नाहीतर…" वाक्य पुरं केलं नाही. मला राग आला. पुरं तरी करायचं.

१५ नोव्हें.
आळीत दोघी बाळंतिणी. एकीच्या सासूने दारातूनच सांगितलं, "आई गिळलेली पोर आमच्या घरात नको." दुसरीकडे नवरा भेटला, सुपारी कातरत होता. "बघू," म्हणाला. म्हणजे नाही. आणि ही ओळखीची माणसं! जानकी दर वर्षी यांच्याकडे पापड लाटायला जायची.
आत्या म्हणते, "मुलगीच आहे रे. देवाची इच्छा." ताटावरून उठलो.

१७ नोव्हें.
पूजेला बसलो. आत पोर रडत होती. रडणं आता बारीक झालंय, मांजराच्या पिलासारखं. गंध उगाळता उगाळता सहाण बाजूला सारली. देव ताम्हनात तसेच.
फाटकाशी गंगू थांबली. मांडवीच्या खारवीवाड्यातली, मासे विकते. आमच्या आळीत कोणी घेत नाही, ती नुसती पलीकडे जाते. "पोर उपाशी हाय काय?" आत्या पडवीतून ओरडली, "पुढे जा." गेली. मी काहीच बोललो नाही. का नाही बोललो?

१८ नोव्हें.
सकाळी पुन्हा आली. टोपली नाही. न्हाऊन, केस ओले, धुवट लुगडं. मागीलदारी उभी. "मास्तर, माझा पोर आठ म्हयन्यांचा हाय. दूध हाय मला. द्या हिकडं."
आत्या मध्ये उभी राहिली. मी वळसा घालून पोर नेऊन दिली. न्हाणीच्या पायरीवर बसून तिने पाजलं. पोर इतका वेळ प्यायली की वाटलं, गुदमरेल. मग झोपली. तिला तशी गाढ झोपलेली पाहून जानकीवरच चिडलो. ही मेलेल्या माणसावर चिडायची कुठली रीत?

२२ नोव्हें.
गंगू सकाळ-संध्याकाळ येते. दर वेळी न्हाऊन, या थंडीत. म्हटलं, "न्हायची गरज नाही." म्हणाली, "आत्यांना वास येतंय ना."
आत्या आज पावस गावी काकांकडे निघून गेली. "ती येते तोवर या घरात पाणी पिणार नाही." गाडीत बसेपर्यंत बोलतच होती. भात करपला. शाळेला उशीर. हेडमास्तरांनी पोरांदेखत विचारलं.
शाळेतले नाना संध्याकाळी घरी आले. दिवसा पोर त्यांची बायको सांभाळणार. मी विचारलंही नव्हतं. गंगू दुपारी तिकडे जाईल. रात्री साखरपाणी आणि रडणं, ते मात्र माझं.

२९ नोव्हें.
नाना म्हणाले, "देवानेच धाडली हो तिला." भडकलो. "आणि जानकीला कोणी नेलं? तेही त्याचंच काम ना?" मधल्या सुट्टीत नानांनी आपल्या डब्यातली भाकरी माझ्यासमोर ठेवली आणि वर्गावर गेले. बोललो ते मागे घ्यावंसं वाटलं नाही. भाकरी खाल्ली.

६ डिसें.
गंगूचा मुलगा आज पाहिला. कडेवर होता. हातपाय काड्या.
"याला काय देतेस?"
"पेज."
ओरडलो तिच्यावर. आपल्या पोराचं तोडून माझ्या पोरीला पाजतेस? उद्यापासून येऊ नकोस! ती म्हणाली, "त्याला दात आलेत, मास्तर. पेज गिळतंय तो. ही काय गिळंल?" आणि पोर उचलली.
संताप नक्की कोणाचा? हिचे उपकार फेडता येत नाहीत, नाकारता येत नाहीत. जानकीचं एक लुगडं देऊ केलं. "पोरीला ठेवा," म्हणाली.
देव अजून बिनपूजेचे. नको वाटतं.

१३ डिसें.
आज गंगू आली नाही. पोर रडून लाल. दिवेलागणीला फाटकाशी तिचा नवरा धर्मा. वाटलं, आता हा बंद करायला सांगणार. "तिला ताप भरलाय. सारखी पोरीचं इचारतंय. घेऊन येता काय? माझी भावजय हाय, ती पाजंल."
गेलो. खारवीवाड्यात पहिल्यांदाच. वाळत घातलेली जाळी, सुकटीचा वास. नाक दाबावंसं वाटलं, दाबलं नाही. एका म्हातारीने खाट झटकून बसवलं. भावजयीने काही न विचारता पोर घेतली. दुसऱ्या मांडीवर तिचं स्वतःचं. दोन्ही पीत होती. कोणीतरी शहाळं फोडून हातात दिलं. "प्या. जेवलं नसाल."
रडू आलं. चारचौघांत, शाळामास्तर!
इतकी वर्षं देवाला न्हाऊ घातलं, नैवेद्य दाखवला. त्याने माझ्याकडे पाहिलं असं कधी वाटलं नव्हतं. आज त्या खाटेवर वाटलं. आणि राग काही गेला नाही. जानकीबद्दल त्याने अजून काही सांगितलेलं नाही. दोन्ही एकदम मनात कसं राहतं…

१९ डिसें.
गंगूचा ताप उतरला, पण दूध आटलं. भिंतीकडे तोंड करून रडत होती. मी म्हटलं, "बाई, तुमच्यामुळे ती जगली." कधी नव्हे ते अहोजाहो निघालं तोंडातून. ती आणखीच रडली. भावजय दोघांना पाजते आहे. तिला तरी किती दिवस झेपणार?
पोरीला पाजायला तिथेच ठेवून घरी येतो तर पावसहून काकांचा गडी. निरोप: आत्या परत यायला तयार, बारसंही करणार. मात्र खारवीवाड्याचा संबंध तोडायचा. उत्तर आजच हवं. एकट्याने ही पोर वाढवणं मला जमणार नाही, हे आत्याला पक्कं ठाऊक. मलाही.
गडी ओटीवर बसलाय, गाडीचे बैल सोडलेत. दोनदा विचारून झालं, "काय सांगू?" चहा ठेवलाय त्याच्यासाठी. काय सांगायचं ते ठरत नाही. पोर मांडवीला आहे, आधी तिला घेऊन येतो.